जखमी श्वापदाचा माग

विसाव्या शतकाच्या आरंभी हिमालयाच्या कुशीतील कुमाऊँ प्रदेशात एखाद्या गावाची दारे दिवसाढवळ्या बंद दिसली, कापणीला आलेले पीक शेतात तसेच वाळत असले आणि पाणवठ्याची वाट ओस पडलेली असली, तर त्याचा अर्थ वाटसरूला कोणी सांगावा लागत नसे. त्या परिसरात नरभक्षक वाघ किंवा बिबळ्या वावरत असे. गवत कापण्यासाठी आणि सरपण गोळा करण्यासाठी रानात जाणाऱ्या स्त्रिया बहुधा त्याच्या पहिल्या बळी ठरत. डोंगरातील संसार रानावर चालत असल्यामुळे रान टाळून जगणे कोणालाही शक्य नव्हते. अशा गावांकडून बोलावणे आले की रायफल घेऊन, सोबत मोजकी माणसे घेऊन, मैलोन्‌मैल पायी जाणारे एक गृहस्थ होते. डोंगरातील लोक आपल्या उच्चाराप्रमाणे त्यांना ‘कार्पेट साहेब’ म्हणत. त्यांचे नाव जिम कॉर्बेट.

१९०७ ते १९३८ या काळात कॉर्बेट यांनी अनेक नरभक्षकांचा शेवट केला आणि त्यामुळे त्यांची कीर्ती जगभर पसरली. परंतु त्यांचे वेगळेपण केवळ नेमबाजीत नव्हते. वाघ मारून झाल्यावर त्याचे जबडे, पंजे आणि जुन्या जखमा ते बारकाईने तपासत आणि हा प्राणी माणसाच्या वाटेला का गेला असावा, याचा शोध घेत. हा शोध पुष्कळदा एका अज्ञात शिकाऱ्यापाशी येऊन थांबे. त्या शिकाऱ्याने कधीतरी बार टाकलेला असे, नेम चुकलेला असे आणि जखमी जनावर झाडीत शिरल्यावर त्याने पाठ फिरवलेली असे.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील ख्रिस्तोफर कॉर्बेट तेथे पोस्टमास्तर होते. कुटुंब मोठे होते आणि मिळकत बेताची. जिम अवघ्या सहा वर्षांचाही नव्हता तेव्हा वडिलांचे निधन झाले आणि साऱ्या मुलांचा भार आई मेरी जेन यांच्यावर आला. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगी गावी, असा या कुटुंबाचा क्रम असे. कालाढुंगीच्या घराभोवती त्या वेळी घनदाट अरण्य होते. जिमची खरी शाळा तीच.

आजारातून उठलेल्या जिमला थोरल्या भावाने, टॉमने, एक बेचकी दिली. पुढे गलोल आली, आणि त्यानंतर एक जुनी ठासणीची दुनळी बंदूक. तिची एक नळी फुटलेली होती. दुसरीवर काम भागवावे लागे. दारू आणि छरे मोजकेच मिळत. हाती एकच बार असलेल्या मुलाला उगाच आवाज काढण्याची चैन परवडत नाही. पक्षी पुरेसा जवळ येईपर्यंत थांबणे, वाऱ्याची दिशा पाहणे, पाचोळ्यावर पाऊल न वाजवता चालणे या गोष्टी जिम अशा टंचाईतून शिकला. जवळच्या गावचा मुखिया कुँवर सिंह हा त्याचा दुसरा गुरू. कायद्याच्या भाषेत तो चोरटा शिकारी होता, हे खरे. पण जंगलातील प्रत्येक आवाजाचा अर्थ त्याला ठाऊक होता आणि ते ज्ञान त्याने या गोऱ्या पोराला हात न राखता दिले.

त्याच वयातील एक प्रसंग कॉर्बेट यांनी पुढे लिहून ठेवला आहे. रानकोंबड्यांच्या मागे रांगत जात असताना बोरीच्या एका झुडपातून अचानक एक वाघ बाहेर आला. त्याने वळून मुलाकडे पाहिले आणि मागे न बघता तो शांतपणे निघून गेला. हातातल्या मोडक्या बंदुकीचा त्या क्षणी काहीही उपयोग नव्हता. धडधाकट वाघ विनाकारण माणसाच्या अंगावर येत नाही, ही कॉर्बेट यांची आयुष्यभराची धारणा अशा अनुभवांतून तयार झाली. त्या काळी वाघाला क्रूर आणि रक्तपिपासू म्हणण्याची रीत होती. कॉर्बेट यांना ती मान्य नव्हती. वाघ हा मोठ्या मनाचा प्राणी आहे, असे त्यांचे मत होते.

पहिला बिबळ्या त्याने शाळकरी वयातच, शाळेतील स्वयंसेवक दलाच्या मार्टिनी रायफलीने मारला. पहिल्या गोळीने तो फक्त जखमी झाला. मोठी माणसेही ज्या कामाला कचरतात, ते रक्ताच्या मागावर जाण्याचे काम त्या मुलाने एकट्याने केले आणि दुसऱ्या गोळीने बिबळ्याला संपवले. यात धाडस होतेच. पण ज्या जनावराला आपण इजा केली त्याला तसे सोडून घरी जायचे नाही, हा धडाही त्याच दिवशी गिरवला गेला.

घरची ओढाताण लक्षात घेऊन जिम यांनी लवकरच नोकरी धरली. बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत आधी इंजिनांसाठी लागणाऱ्या सरपणाची व्यवस्था आणि नंतर बिहारमधील मोकामा घाट येथे गंगेपार जाणाऱ्या मालाच्या चढउताराचे कंत्राट, असे त्यांचे काम होते. तेथे त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ मजुरांच्या बरोबरीने कष्ट केले. शिकार हा त्यांचा पोटाचा धंदा कधीच नव्हता. नरभक्षकामागे जायचे तर ते रजा काढून जात.

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीविषयी त्यांना विचारणा झाली. ही वाघीण नेपाळात दोनशे माणसांचे बळी घेऊन कुमाऊँत आली होती आणि येथे तिने आणखी दोनशे छत्तीस माणसे मारली होती, असे कॉर्बेट यांनी नमूद केले आहे. कॉर्बेट यांनी तोवर एकही नरभक्षक मारलेला नव्हता. काम स्वीकारताना त्यांनी दोन अटी घातल्या. सरकारने जाहीर केलेली बक्षिसे रद्द करावीत, आणि त्या भागात पाठवलेले इतर शिकारी व सैनिक परत बोलवावेत. पैशासाठी प्राणी मारणारा अशी आपली ओळख त्यांना नको होती. दुसरी अट व्यवहारी होती. एकाच झाडीत अनेक बंदुका फिरू लागल्या तर चुकून माणसालाच गोळी लागण्याचा धोका असतो. त्याबरोबरच आणखी एक गोष्ट घडते. कोणाच्या गोळीने जनावर जखमी झाले, हे ठरत नाही, आणि मग त्याच्या मागे जाण्याची जबाबदारीही कोणाचीच राहत नाही.

पाली नावाच्या गावी ते पोहोचले तेव्हा गावकरी कित्येक दिवस घराबाहेर पडलेले नव्हते. तेथे त्यांना एक स्त्री भेटली. तिच्या बहिणीला वाघिणीने तिच्या डोळ्यांदेखत उचलून नेले होते. हातातला विळा उगारून ती वाघिणीमागे धावली होती, आणि त्या धक्क्याने तिची वाचाच गेली होती. पुढे चंपावतजवळ वाघिणीने एका तरुण मुलीचा बळी घेतला. कॉर्बेट एकटे तिच्या रक्ताच्या मागावर गेले. दुसऱ्या दिवशी तेथील तहसीलदारांनी दोनशे अठ्ठ्याण्णव माणसे जमवून हाका घातला. ढोल, थाळ्या आणि जुन्या बंदुकांचे बार यांनी दरी दणाणून गेली. कॉर्बेट यांच्यापाशी तीनच काडतुसे होती. ती संपली तेव्हा वाघीण जखमी होती, पण जिवंत होती. ते धावत तहसीलदारांकडे गेले, त्यांची खिळखिळी बंदूक घेतली आणि परत वाघिणीसमोर येऊन त्यांनी शेवटचा बार टाकला. वाघीण कोसळली.

मग त्यांनी तिचा जबडा उघडून पाहिला. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे, दोन्ही सुळे मोडलेले होते. वरचा अर्धा तुटला होता, तर खालचा थेट हाडापर्यंत. ही इजा बंदुकीच्या गोळीची होती आणि फार जुनी होती. वाघाचे सारे जगणे त्याच्या सुळ्यांवर अवलंबून असते. सांबर किंवा चितळ यांच्यासारख्या चपळ सावजाची मान पकडून ते खाली पाडण्याचे काम सुळे करतात. ते गेले की वाघ म्हातारा नसतानाही उपाशी पडतो. मग त्याला असे भक्ष्य शोधावे लागते, जे फार वेगाने पळत नाही, ज्याला शिंगे नाहीत आणि ज्याची कातडी मऊ आहे. माणूस असाच प्राणी आहे. कोणी, कोठे आणि केव्हा ती गोळी झाडली हे कधीच कळले नाही. त्या माणसाने कदाचित चार मित्रांत आपल्या हुकलेल्या वाघिणीची गोष्ट रंगवून सांगितली असेल. तिची किंमत चारशे छत्तीस घरांनी मोजली.

कॉर्बेट वाघिणीचे कातडे घेऊन परतताना मुद्दाम पालीला गेले आणि त्यांनी ते त्या मुक्या झालेल्या बहिणीला दाखवले. ते पाहताच तिला वाचा फुटली आणि ती लोकांना हाका मारीत गावभर धावली.

तीन वर्षांनी, १९१० मध्ये, पनारच्या बिबळ्याशी त्यांची गाठ पडली. या बिबळ्याने चारशे माणसे मारली होती. रात्री आमिषाच्या बकऱ्यापाशी आलेल्या बिबळ्यावर कॉर्बेट यांनी झाडावरून बार टाकला. तो लागला, पण प्राणघातक ठरला नाही. काळोख दाट होता. जखमी बिबळ्या खालच्या शेतात कोठेतरी दबा धरून होता. अशा वेळी पहाटेची वाट पाहणे हेच शहाणपण. परंतु गावकरी जमले होते आणि रात्रीत बिबळ्या निसटला तर पुढे काय होईल, हे सर्वांनाच ठाऊक होते. पाईनच्या जळत्या ढलप्या हाती घेऊन माणसे कॉर्बेट यांच्या मागे निघाली. काहीही झाले तरी पळायचे नाही, असे वचन त्यांनी दिले होते. बिबळ्याने झेप घेतली आणि सारे पळाले. पळताना एकमेकांवर आदळल्यामुळे काही ढलप्या खाली पडल्या व जळत राहिल्या. तेवढ्या उजेडात कॉर्बेट यांनी नेम साधला. पळालेल्या माणसांना त्यांनी दोष दिला नाही. निःशस्त्र माणसाने जखमी बिबळ्यासमोर उभे राहावे ही अपेक्षाच अवाजवी होती, हे ते जाणून होते. पुढील काळात जखमी जनावराच्या मागावर ते शक्यतो एकटेच जात.

हा माग काढणे म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. कारण शिकारीच्या गोष्टींत गोळी सुटण्याचा क्षण रंगवला जातो आणि नंतरचे कष्टाचे तास गाळले जातात. गोळी लागलेला वाघ क्वचितच जागच्या जागी मरतो. तो आडोशाला जातो. लगेच मागे लागले तर तो दूर पळतो किंवा उलटून हल्ला करतो, म्हणून काही वेळ थांबावे लागते. नंतर रक्त शोधायचे. फेसाळ आणि तांबडे लाल रक्त फुप्फुसाकडे बोट दाखवते. गवताच्या पात्यावर रक्त किती उंचीवर लागले आहे, यावरून जखम पायाला आहे की धडाला, याचा अंदाज येतो. रक्त थांबले की पावलांचे ठसे, दुमडलेले गवत, उलटलेला दगड यांवर जावे लागते. कान मात्र दुसरीकडे लावायचे. वानरांचा खेकसण्याचा आवाज, भेकराचे भुंकणे, सातभाईंचा कलकलाट हे सारे कोठेतरी वाघ हलला आहे असे सांगत असतात. माणसाचे नाक अधू आहे, हे वाघाला ठाऊक नसते, असे कॉर्बेट यांचे निरीक्षण होते. इतर सावजाप्रमाणेच माणसालाही आपला वास येईल या समजुतीने नरभक्षक वाऱ्याची बाजू पाहून दबा धरतो. त्यामुळे धोका कोणत्या दिशेने येईल, हे वाऱ्यावरून ताडता येते. एका पावलासाठी कधी कधी कित्येक मिनिटे लागत. त्यांचा रॉबिन नावाचा कुत्रा या कामात त्यांचा मोठा आधार होता. जखमी बिबळ्याचा माग तो आवाज न करता काढी.

आपल्या चुका कॉर्बेट यांनी लपवल्या नाहीत, हे त्यांच्या लेखनाचे मोठे बळ आहे. चौगढच्या वाघिणीबरोबर तिचे वाढलेले पिल्लू असे. वाघीण समजून त्यांनी आधी ते पिल्लूच मारले, आणि वाघीण आणखी वर्षभर बळी घेत राहिली. अखेर ११ एप्रिल १९३० रोजी ती अगदी समोरासमोर आली. त्या वेळी त्यांच्या एका हातात रातव्याची दोन अंडी होती. अंडी न टाकता त्यांनी दुसऱ्या हातातील रायफल इंचाइंचाने फिरवली आणि गोळी झाडली. नंतर ते मागे गेले आणि ती अंडी त्यांनी पुन्हा घरट्याच्या जागी ठेवली. मोहनच्या नरभक्षकाला त्यांनी झोपेत मारले. त्याला मारणे आवश्यकच होते. तरीही झोपलेल्या प्राण्यावर गोळी झाडल्याची रुखरुख त्यांना लागली.

सर्वच नरभक्षक शिकाऱ्यांच्या चुकीतून निर्माण होतात, असे मात्र त्यांनी कधी म्हटले नाही. मोहनच्या वाघाच्या पुढच्या पायात साळिंदराचे काटे रुतून जखमा चिघळल्या होत्या. मुक्तेश्वरच्या वाघिणीचा एक डोळाही साळिंदराशी झालेल्या झटापटीत गेला होता. चौगढच्या वाघिणीची नखे आणि दात झिजलेले होते. रुद्रप्रयागच्या बिबळ्याला माणसाच्या मांसाची चटक लागण्याचे कारण त्यांना १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत सापडले. त्या वेळी प्रेतांवर नीट अंत्यसंस्कार करणेही लोकांना शक्य झाले नव्हते. केदारनाथ-बदरीनाथच्या यात्रामार्गावर एकशे पंचवीस माणसे मारणारा हा बिबळ्या कॉर्बेट यांनी १९२६ च्या मे महिन्यात मारला. त्याच्यावरही १९२१ साली दोन तरुण अधिकाऱ्यांनी एका झुलत्या पुलावर रात्री गोळी झाडली होती. रक्त सांडलेले दिसले, शोधही घेण्यात आला, पण बिबळ्या सापडला नाही आणि पुढे पाच वर्षे त्याची दहशत टिकली. आजचे अभ्यासक जंगलतोड आणि घटलेले भक्ष्य या कारणांनाही महत्त्व देतात, आणि ते योग्यच आहे. तथापि जखमेचे कारण कॉर्बेट यांच्या दृष्टीने वेगळे होते. जंगल तुटणे एका माणसाच्या हाती नसते. आपण झाडलेल्या गोळीचे काय झाले हे पाहणे मात्र त्या एका माणसाच्याच हाती असते.

या जबाबदारीची सर्वांत कठीण परीक्षा त्यांनी १९२९ च्या एप्रिलमध्ये तल्ला देश भागात दिली. तेथील वाघिणीने आठ वर्षांत दीडशे बळी घेतले होते. काही आठवड्यांपूर्वी कोणीतरी त्यांच्या कानाजवळ जड रायफल झाडल्यामुळे त्यांच्या कानाचा पडदा फाटला होता आणि डोक्यात गळू झाले होते. त्या अवस्थेत ते डोंगर चढून गेले. त्यांना तीन वाघ दिसले. दोन जागीच पडले; ती वाघिणीची वाढलेली पिल्ले होती. तिसरी, म्हणजे वाघीण, गोळी लागूनही निसटली.

येथे थांबण्यासाठी सबळ कारणे होती. एका कानाने ऐकू येत नव्हते, आणि मागावर असताना कान हीच शिकाऱ्याची ढाल असते. चेहरा सुजून एक डोळा मिटला होता. वेदनांमुळे झोप नव्हती. परत जाऊन उपचार घेतले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण वाघीण आता नरभक्षक होती आणि जखमीही होती, आणि ती जखम त्यांच्या गोळीची होती. ते मागावर राहिले. एका रात्री झाडावर बसलेले असताना गळू फुटले आणि वेदना ओसरल्या. पुढचे दिवस ते दऱ्याखोऱ्यांतून रक्ताचे थेंब आणि ठसे शोधत फिरले, अखेर वाघिणीला त्यांनी गाठले आणि तिचा शेवट केला. तिच्या पुढच्या पायातून साळिंदराचे सुमारे वीस काटे निघाले. हा प्रसंग त्यांनी पंचवीस वर्षे प्रसिद्ध केला नाही. १९५४ च्या ‘द टेम्पल टायगर’ या पुस्तकात तो प्रथम आला.

१९३० च्या हिवाळ्यातील पवलगढच्या वाघाची हकिकत याहून अवघड प्रश्न उभा करते. हा वाघ नरभक्षक नव्हता. त्याच्या अवाढव्य आकारामुळे दहा वर्षे अनेक शिकारी त्याच्या मागे होते. कॉर्बेट यांनी वाघाचा आवाज काढून त्याला बोलावले आणि अगदी जवळून गोळी झाडली. गोळी डोक्याला लागली, पण वाघ मेला नाही. वेदनेने बेफाम होऊन त्याने आसपासची झाडझुडपे ओरबाडली, मग तो रानात नाहीसा झाला. त्या जंगलातून गुराखी आणि लाकूडतोडे रोज ये-जा करीत. कॉर्बेट यांनी लोकांना सावध केले आणि पुढचे काही दिवस स्वतः माग काढून त्याला संपवले. त्याची लांबी वळणांवरून मोजली असता दहा फूट सात इंच भरली. शिकाऱ्याचे कर्तव्य त्यांनी पार पाडले, यात शंका नाही. पण या वाघाने कोणाचा कोणता अपराध केला होता, हा प्रश्न उरतोच. त्या काळच्या रीतीप्रमाणे कॉर्बेट शिकारीचा आनंदही घेत आणि व्हाइसरॉयसारख्या बड्या पाहुण्यांसाठी शिकारीची व्यवस्थाही करीत. आजच्या मापाने मोजू गेल्यास त्यांच्या चरित्रातील हा विरोध झाकता येत नाही.

त्यांचे मन हळूहळू बदलत होते, याच्या खुणा मात्र स्पष्ट आहेत. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी काढलेली वाघांची छायाचित्रे पाहून त्यांनी चलच्चित्रणाचा कॅमेरा घेतला. कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ बुजत, म्हणून जंगलातील एका ओढ्यावर त्यांनी छोटे बांध घातले, जेणेकरून पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात ती घरघर लपेल. तेथे महिनोन्‌महिने बसून त्यांनी वाघांचे चित्रण केले. बंदुकीपेक्षा या कामाला अधिक धीर लागतो आणि त्यातून जखमी होऊन कोणी झाडीत जात नाही. शाळांतून व्याख्याने देताना ते प्राण्यांचे आवाज हुबेहूब काढून मुलांना जंगलाची ओळख करून देत. संयुक्त प्रांतात १९३६ साली भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. गव्हर्नर माल्कम हेली यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या या उद्यानाच्या उभारणीला कॉर्बेट यांचे मोठे साहाय्य झाले. तरीही लोकांच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा, १९३८ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांनी ठाक गावच्या नरभक्षक वाघिणीसाठी पुन्हा रायफल उचलली. ती त्यांची अखेरची नरभक्षक.

पहिल्या महायुद्धात ते कुमाऊँमधील पाचशे माणसांची तुकडी घेऊन फ्रान्सला गेले होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैनिकांना जंगलात टिकून राहण्याचे शिक्षण दिले. १९४४ मध्ये ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या प्रास्ताविकातच त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. वाघ नरभक्षक होतो तो परिस्थितीने लाचार झाल्यामुळे, आणि ही लाचारी बहुतेक वेळा जखमेतून येते. ती जखम निष्काळजी नेमाची व नंतर जनावराचा शोध न घेतल्याची असू शकते, किंवा साळिंदराच्या काट्यांची. युद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी त्यांनी या पुस्तकाचे उत्पन्न दिले. मराठीसह अनेक भाषांत त्यांची पुस्तके अनुवादित झाली आहेत.

कॉर्बेट यांनी लग्न केले नाही. बहीण मॅगी यांची त्यांना जन्मभर साथ होती. १९४७ च्या अखेरीस ही भावंडे केनियातील न्येरी येथे राहावयास गेली. तेथेच १९ एप्रिल १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत भारतातील त्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७३ च्या एप्रिलमध्ये व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ याच उद्यानातून झाला.

कालाढुंगीजवळच्या छोटी हल्द्वानी या गावी कॉर्बेट यांनी जमीन घेऊन कुळांना वसवले होते. रानडुकरे पिकांची नासाडी करीत आणि शेतकरी हैराण होत. डुकरे मारण्याऐवजी कॉर्बेट यांनी गावाभोवती दगडी भिंत बांधून घेतली. भारत सोडताना ती शेते त्यांनी कुळांच्या हाती ठेवली. कालाढुंगीतील त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे, आणि छोटी हल्द्वानीत त्या भिंतीचे भाग आजही उभे दिसतात.